पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही : प्रोसेसर आणि मदरबोर्ड घेण्याआधी वाचा

पहिला डेस्कटॉप मी स्वतः जोडला तेव्हा सगळं नवंकोरं होतं. रायझेन ५ ५६०० (एएमडीचा प्रोसेसर) सीलबंद, बी४५० चा मदरबोर्ड सीलबंद, रॅमसुद्धा सीलबंद. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पिशव्या भरून सांगलीला आणल्या, रात्री जेवण उरकून टेबल मोकळं केलं, दोन वाजेपर्यंत स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. पंखा फिरला, बोर्डावरचा दिवा लागला, स्क्रीन मात्र काळीच. रॅम काढून घातली, केबल बदलली, ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा लावलं. यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी एका दुरुस्तीवाल्याने बोर्डाच्या खोक्यावरची तारीख बघितली आणि म्हणाला, "दादा, बोर्ड २०१९ चा, प्रोसेसर २०२२ चा. बोर्डाला हा ओळखूच येत नाही." त्याने स्वतःकडचा जुना रायझेन बसवला, बोर्डातलं बायोस (प्रोसेसर ओळखणारा छोटा प्रोग्राम) अपडेट केलं, पाचशे रुपये घेतले. अर्ध्या तासात मशीन चालू.

खराब काहीच नव्हतं. प्रोसेसर मी एका व्हिडिओवरून ठरवला होता आणि बोर्ड किमतीवरून, घोळ तिथेच होता. या दोन वस्तू एकत्रच निवडायच्या असतात. त्यानंतर नात्यात आणि मित्रांत बरीच मशीन जोडून दिली. आता मी ज्या क्रमाने जातो, तोच खाली दिला आहे.

१. आधी काम लिहून काढा

कागदावर फक्त एवढं लिहा: या मशीनवर रोज काय चालणार, सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड असणार का, आणि चार वर्षांनी हेच मशीन वाढवायचं आहे की विकून नवं घ्यायचं आहे.

टॅली, एक्सेल, श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर डीटीपी, मुलांचा अभ्यास, इंटरनेट: एवढ्याला इंटेलचा आय३-१२१०० किंवा एएमडीचा रायझेन ५ ५६००जी भरपूर झाला. दोघांतही ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड लागत नाही. अशा मशीनला कुणी आय७ सुचवत असेल तर तो तुमचं नाही, स्वतःचं भलं बघतोय.

गेमसाठी बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड आधी दमतं, प्रोसेसर नंतर. म्हणून सहा कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एक भाग) प्रोसेसर घ्या, वाचलेले पैसे कार्डात घाला. ऑटोकॅड आणि रेव्हिटवर काम करणाऱ्यांनी कोरची संख्या बघून भाळू नये. त्यातली बरीचशी कामं एकाच कोरवर चालतात, त्यामुळे एका कोरचा वेग महत्त्वाचा.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना एक खास गोष्ट सांगतो, कारण यात दोन मित्र फसलेत. हल्लीचे कॅमेरे एच.२६५ (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत) मध्ये १० बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं फूटेज देतात. ते सुरळीत उघडणं बऱ्याच जुन्या ग्राफिक्स कार्डांना जमत नाही, पण इंटेलच्या बाराव्या जनरेशनपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जमतं. प्रीमियरमध्ये हा फरक टाइमलाइन सरकवताक्षणी कळतो. दोन-तीन हजार वाचवायला 'एफ' वाला प्रोसेसर घेतला की ही सोय गेलीच. एफ म्हणजे काय, ते पुढच्या पायरीत येतंय.

२. प्रोसेसरचं नाव वाचायला शिका

माझी भाची आर्किटेक्चरला गेली. कॉलेजने दिलेल्या यादीत 'आय७' लिहिलेलं. एका दुकानात तिला वीस हजारांत आय७ मशीन मिळत होतं, सोबत चमकणारे पंखे. तिने फोटो पाठवला. आत आय७-३७७० होता, म्हणजे २०१२ चा प्रोसेसर, एच६१ च्या नव्या छापलेल्या बोर्डावर. आय७-३७७० ला ४ कोर आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). २०२२ च्या आय३-१२१०० लाही ४ कोर आणि ८ थ्रेडच, पण वेगात हा आय३ त्या आय७ ला कुठल्या कुठे मागे टाकतो. शिवाय त्या जुन्यावर विंडोज ११ रीतसर चालत नाही. विंडोज ११ ला इंटेलचं आठवं जनरेशन किंवा रायझेन २००० आणि त्यापुढचे प्रोसेसर लागतात, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

म्हणून 'आय५ आहे का, आय७ आहे का' हा प्रश्नच दुकानात विचारू नका. पूर्ण नंबर विचारा.

इंटेलच्या १२४०० मध्ये पहिले दोन आकडे, म्हणजे १२, हे जनरेशन आणि उरलेले ४०० म्हणजे त्या जनरेशनमधली जागा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून डेस्कटॉपला कोअर अल्ट्रा ही नवी मालिका आली. तिचे आकडे २०० च्या घरातले आहेत, उदाहरणार्थ अल्ट्रा ५ २४५के. एएमडीच्या ७६०० मध्ये ७ ही मालिका. एएमडीत मालिकेवरून सगळं कळतंच असं मात्र नाही.

आकड्यांमागचं अक्षर सगळ्यात महाग पडतं:

- के: ओव्हरक्लॉक करता येतो, म्हणजे ठरलेल्या वेगाहून जास्त पळवता येतो. सहसा सोबत कूलर येत नाही.
- एफ: आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर डिस्प्ले येणारच नाही. केएफ म्हणजे दोन्ही.
- जी, एएमडीत: आतलं ग्राफिक्स दमदार. ५६००जी, ८६००जी.
- एक्स: थोडा जास्त वेग, जास्त वीज.
- एक्स३डी: कॅश मेमरीचा (प्रोसेसरमधल्याच जलद मेमरीचा) जादा थर, गेमसाठी. ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे.

एएम४ या एएमडीच्या जुन्या सॉकेटवर (सॉकेट म्हणजे काय, ते पुढच्या पायरीत) एक उलटी गंमत आहे. तिथे 'जी' नसेल तर ग्राफिक्स नाहीच. ५६०० ला एफ लावलेलं नाही म्हणून आत ग्राफिक्स असेल असं समजू नका. एएम५ या नव्या सॉकेटवर मात्र ७६०० सारख्या साध्या मॉडेललाही कामचलाऊ ग्राफिक्स आहे. ७५००एफ ला नाही.

अजून एक सापळा. रायझेन ७ ५७०० आणि ५७००एक्स यांत एका अक्षराचाच फरक दिसतो. प्रत्यक्षात साधा ५७०० हा ५६००जी च्या घराण्यातला, ग्राफिक्स बंद करून विकलेला. त्यात एल३ कॅश १६ एमबी, तर ५७००एक्स मध्ये ३२ एमबी. ५५०० आणि ५६०० यांच्यातही तीच गोष्ट. पाचशे-हजाराच्या फरकासाठी खालचा घेऊ नका.

३. सॉकेट ठरवा, म्हणजे निम्मं काम झालं

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. सॉकेट ठरलं की कुठले बोर्ड, कुठली रॅम आणि पुढे काय वाढवता येईल हे सगळं ठरतं. नव्या मशीनसाठी चारच नावं लक्षात ठेवायची.

एएम४: एएमडीचं २०१६ चं सॉकेट, डीडीआर४ (जुन्या पिढीची) रॅम. याच्यासाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर आले, इतकं ते टिकलं. पण आता प्रवास संपत आलाय. कमी बजेट असेल, किंवा घरात डीडीआर४ रॅम पडून असेल, तरच घ्या.

एएम५: सप्टेंबर २०२२ चं, फक्त डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम). २०२७ पर्यंत आणि पुढेही याला सपोर्ट देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर माझं मत यालाच.

एलजीए१७००: इंटेलचं बारावं, तेरावं आणि चौदावं जनरेशन. इथे बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५. एकाच बोर्डात दोन्ही चालत नाहीत, रॅमची खाचच वेगळ्या जागी असते. बोर्डाच्या नावाच्या शेवटी 'डी४' किंवा 'डीडीआर४' असेल तर जुनी रॅम. दुकानदार घाईत असला की इथे हमखास चूक होते.

एलजीए१८५१: कोअर अल्ट्रा २०० साठी, फक्त डीडीआर५.

रॅमचा मुद्दा पूर्वी मी दोन ओळींत उरकायचो. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की आता तिथूनच हिशेब सुरू करावा लागतो. जुन्या मशीनमधून १६ जीबीची डीडीआर४ जोडी निघत असेल, तर एएम४ किंवा डीडीआर४ वाला १७०० चा बोर्ड घेऊन चांगली रक्कम वाचते. रॅम नवीच घ्यायची असेल आणि बजेट अगदीच तोकडं नसेल तर मात्र डीडीआर४ मध्ये नवे पैसे घालू नका.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनबद्दल. यातले मोठे प्रोसेसर, म्हणजे १३६००के, १४६००के आणि त्यावरचे आय७, आय९, जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होते. गेम मध्येच बंद पडायचे, विंडोज क्रॅश व्हायचं. इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बायोसमधून दुरुस्ती दिली आणि त्या मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा घेतलात तर पहिलं काम बायोस अपडेट. सेकंडहँड मात्र मी घेणार नाही. दुरुस्तीआधी तो किती झिजलाय हे बाहेरून कळत नाही. बारावं जनरेशन या भानगडीत नाही.

४. चिपसेट: जास्त डोकं घालू नका

बोर्डाच्या नावातलं बी७६० किंवा बी६५० म्हणजे चिपसेट, बोर्डावर काय काय सोयी मिळणार हे ठरवणारी चिप. इंटेलमध्ये एच६१०, बी७६०, झेड७९०, तर नव्या सॉकेटला एच८१०, बी८६०, झेड८९०. एएमडीत ए५२०, बी५५०, एक्स५७० आणि एएम५ ला ए६२०, बी६५०, एक्स६७०. बी८५० ला बी६५० चाच पुढचा अवतार समजा.

दहापैकी नऊ जणांना 'बी' वालाच बोर्ड लागतो. इंटेलचा के प्रोसेसर झेड चिपसेटशिवाय ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणून बी बोर्डावर के घेण्यात फारसा अर्थ नाही, आणि ओव्हरक्लॉक करायचंच नसेल तर झेड बोर्डावर घातलेले पैसे वाया. एच६१० ला रॅमच्या दोनच जागा मिळतात. ऑफिसच्या मशीनला चालेल. ए५२० आणि ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, शिवाय ए६२० वर मोठ्या वॅटचा प्रोसेसर बसवायचा असेल तर सहाव्या पायरीतली यादी बघाच.

किमतीचा माझा ठोकताळा: बोर्डाची किंमत प्रोसेसरच्या निम्म्याहून खाली जाऊ नये आणि प्रोसेसरच्या वर जाऊ नये.

५. बोर्ड डोळ्यांनी बघा

बोर्डाचा मोठा फोटो उघडा आणि प्रोसेसरच्या खाचेच्या डाव्या आणि वरच्या बाजूला बघा. तिथे छोटे चौकोनी काळे ठोकळे ओळीने दिसतात. एसएमपीएसकडून (वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) येणारी वीज प्रोसेसरला पचेल अशी करून देणारा भाग तो, व्हीआरएम. त्यावर ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक असेल तर बरं. स्वस्त बोर्डांवर हे ठोकळे उघडे असतात. आय५-१२४०० ला उघडा व्हीआरएम चालून जातो, कारण तो जास्तीत जास्त ११७ वॅट खेचतो. आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत जातो. असा प्रोसेसर उघड्या व्हीआरएमवर बसवला की बोर्ड तापून वेग खाली आणतो, आणि पैसे मोजलेला वेग मिळतच नाही. चंद्रपूर-नागपूरकडच्यांनी हे जास्त मनावर घ्या. मे महिन्यात खोलीच चाळिशीत असेल तर कॅबिनेटच्या आत काय होत असेल!

मापं तीन: एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. नावात 'एम' असेल, जसं बी६५०एम, तर मायक्रो. घरच्या मशीनला मायक्रो पुरतो. आधी कॅबिनेट घेतलं असेल तर त्यात काय बसतं ते बघून मगच बोर्ड.

मग मोजायच्या गोष्टी:

- एम.२ (थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या) एसएसडीच्या जागा किती. एकच असेल तर पुढे पंचाईत होते.
- दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की साटाचे (केबलने जोडायच्या हार्डडिस्कचे) एक-दोन पोर्ट बंद पडतात का. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतं. जुन्या हार्डडिस्क जपणाऱ्यांनी नक्की वाचा.
- वायफाय आहे का. नावात 'वायफाय' किंवा 'एएक्स' नसेल तर बहुधा नाही.
- कॅबिनेटला पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डावर त्याचं कनेक्टर आहे का. नसलं तर तो पोर्ट शोभेचा.
- पंख्यांसाठी किती कनेक्टर आहेत.

६. सपोर्ट यादी आणि बायोस

पूर्ण लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही. बोर्डावरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो, आणि त्यात कुठले प्रोसेसर ओळखायचे याची माहिती असते. बोर्ड कारखान्यातून निघाल्यानंतर आलेला प्रोसेसर त्याला ठाऊक नसतो. माझं २०१९ च्या बोर्डावर हेच झालं. बी६६० चे जुने बोर्ड आणि चौदावं जनरेशन, बी६५० चे जुने बोर्ड आणि रायझेन ९००० अशा जोड्यांतही हेच होतं.

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा, तुमच्या मॉडेलचं पान उघडा, त्यात 'सपोर्ट' आणि त्याखाली 'सीपीयू सपोर्ट' शोधा. एक लांबलचक तक्ता उघडतो. प्रत्येक ओळीत प्रोसेसरचं नाव, त्याची वॅट, आणि शेवटच्या रकान्यात बायोसचा क्रमांक. तो क्रमांक म्हणजे 'किमान हे बायोस हवं'. तुमचा प्रोसेसर तक्त्यात नाही, तर तो बोर्ड घ्यायचाच नाही, दुकानदार काहीही म्हणो. आहे, तर क्रमांक वहीत उतरवा. मग त्याच पानावर बायोसच्या फाइली तारखेसह दिलेल्या असतात. हा क्रमांक कधीचा, ते बघा. बोर्डाची बनावट त्या तारखेनंतरची असेल तर बहुधा चिंता नाही.

मॉडेलचं नाव अक्षरशः शेवटपर्यंत जुळवा. 'एम', 'डी४', 'वायफाय' आणि कधी कधी 'रेव्ह १.२' असंही असतं. रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. दुसऱ्या रिव्हिजनचं बायोस वेगळं असू शकतं.

जुना माल निघण्याची शंका असेल तर तीन वाटा आहेत.

पहिली, खोक्यावरचा स्टिकर. 'रायझेन ५००० डेस्कटॉप रेडी' असे स्टिकर बोर्डांच्या खोक्यांवर येतात. माझ्या खोक्यावर तो नव्हता, आणि नसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

दुसरी, दुकानातच अपडेट करून घ्या. प्रोसेसर आणि बोर्ड एकाच दुकानातून घेत असाल तर पैसे देण्याआधी म्हणा, "बायोस अपडेट करून, डिस्प्ले दाखवून द्या." चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

तिसरी, प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट होणारा बोर्ड घ्या. आसुस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतं, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआय फ्लॅश बायोस बटण. मागच्या बाजूला, युएसबी पोर्टांशेजारी किंवा बोर्डावरच एक छोटं बटण असतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइल अनझिप करून टाकायची, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर तिचं नाव बदलायचं. एसएमपीएसची २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची केबल लावायची, पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टातच घालायचा, बटण दाबायचं. दिवा लुकलुकत राहतो, पाच ते दहा मिनिटं. या वेळात वीज गेली तर बायोस अर्धवट लिहिलं जातं. आमच्याकडे दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी हे काम यूपीएसवरच करतो.

पहिल्यांदाच जोडणाऱ्याने हे बटण असलेला बोर्डच घ्यावा, हजारभर जास्त गेले तरी.

७. खरेदी करताना

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा, चालत जाता येतं. सकाळी तीन दुकानांत लेखी कोटेशन घ्या, पूर्ण मॉडेल नंबरांसह. 'बी६५० बोर्ड' असं लिहिलेलं कोटेशन म्हणजे कोरा कागद. त्या नावाचे डझनभर बोर्ड आहेत आणि दुकानदार त्यातला त्याला सोयीचा देणार.

भाव विचारताना जीएसटी धरून विचारा. १८ टक्के आहे, शेवटी वर चढवला की सगळी घासाघीस पाण्यात. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

'बॉक्स' आणि 'ट्रे' यात फरक आहे. बॉक्स प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे म्हणजे खोक्याविना, मोठ्या उत्पादकांसाठी आलेला माल. त्याची वॉरंटी कंपनी थेट ग्राहकाला देत नाही, विकणाऱ्याच्या शब्दावर सगळं. फरक हजार रुपयांचा असेल तर बॉक्सच.

पिना बघायला विसरू नका. एलजीए१७००, १८५१ आणि एएम५ या तिन्हींत पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरला नुसते सपाट ठिपके. एएम५ मध्ये अशा १७१८ पिना, केसासारख्या. दुकानात खोकं उघडून प्लास्टिकचं झाकण काढायला सांगा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सगळ्या पिना एका दिशेला झुकलेल्या आणि सारख्या चमकताना दिसतील. एखादी वेगळी चमकली की ती वाकलेली. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, आणि घरी गेल्यावर ती तुम्ही वाकवली नाही हे सिद्ध करता येत नाही. ऑनलाइन मागवलंत तर खोकं उघडतानाचा न थांबवलेला व्हिडिओ घ्या, पिनांपर्यंत. ते प्लास्टिकचं झाकणही ठेवा. बोर्ड वॉरंटीत पाठवताना लागतं.

जपून ठेवायचं:

- जीएसटी बिल, त्यावर बोर्ड आणि प्रोसेसरचे सीरियल नंबर लिहून घेतलेले
- दोन्ही खोकी, स्टिकरसकट
- बिलाचा फोटो मेलवर, कारण छापील बिलाची शाई वर्षभरात उडते
- सॉकेटचं झाकण

८. जोडताना

हत्यारं फारशी नाहीत: चुंबक असलेला मध्यम आकाराचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, कूलरला पेस्ट लावलेली नसेल तर थर्मल पेस्ट, एक पेनड्राइव्ह, टॉर्च, चार-सहा केबल टाय. गालिच्यावर बसून जोडू नका, लाकडी टेबल घ्या. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करा.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. ते जुळवून प्रोसेसर अलगद सोडायचा, दाबायचा नाही. मग दांडी खाली घ्यायची. एलजीए आणि एएम५ ला दांडी लावताना करकर आवाज येतो आणि बराच जोर लागतो. पहिल्यांदा घाम फुटतो, पण ते तसंच असतं.

रॅमच्या दोन काड्या असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या जागी. पहिल्या आणि दुसऱ्यात घालणारे अनेक बघितलेत. मशीन चालतं, पण दोन्ही काड्या एकाच चॅनेलवर (रॅमच्या एकाच रस्त्यावर) जातात आणि वेग कमी मिळतो.

प्रोसेसरची ८ पिनची केबल आणि ग्राफिक्स कार्डची ८ पिनची केबल सारखी दिसते. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डची ६ अधिक २. ताकद लावून बसवावी लागली तर चुकीची आहे.

एएम४ वरचा जुना कूलर काढायचा असेल तर आधी दहा मिनिटं मशीन चालवा, बंद करा, वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत उचला. थंड पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना (एएम४ मध्ये त्या प्रोसेसरलाच असतात) वाकतात. माझ्या एका मित्राने अशा सहा पिना सुईने सरळ केल्या. पुन्हा करायला सांगितलं तर तो घर सोडून जाईल.

बोर्ड कॅबिनेटमध्ये टाकण्याआधी टेबलावरच, बोर्डाच्या खोक्यावर ठेवून एकदा डिस्प्ले बघून घ्या. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एवढंच. एफ वाला प्रोसेसर असेल तर ग्राफिक्स कार्डही. आणि कार्ड लावलं असेल तर मॉनिटरची वायर कार्डात, बोर्डात नाही.

९. पहिल्यांदा चालू करताना

भाचीचं मशीन शेवटी रायझेन ५ ७६०० वर जोडलं, सोबत बी६५०एम बोर्ड आणि डीडीआर५ च्या १६ जीबीच्या दोन काड्या. चार काड्या मुद्दाम घेतल्या नाहीत. एएम५ वर चारही जागा भरल्या की रॅमचा वेग पार खाली येतो, एएमडी स्वतःच तिथे ३६०० सांगतं. पुढे लागेल म्हणून आज ८ च्या दोन आणि नंतर अजून दोन, हा हिशेब इथे चालत नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला, बोर्डाच्या कडेचा रॅमचा दिवा पिवळा लागला, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं. माझ्या पोटात तोच जुना गोळा. हात स्विचकडे गेला तशी ती म्हणाली, "मामा, थांब की जरा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय वेळ लागतो म्हणून."

बरोबर होतं तिचं. डीडीआर५ च्या बोर्डांवर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची जुळवणी करत बसतो, आणि त्यात काही मिनिटं सहज जातात. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं तरी हात लावू नका. त्यानंतरही काही आलं नाही, तर कुठला दिवा अडकलाय ते बघा. सीपीयू असेल तर सहावी पायरी आणि पिना, डीरॅम (म्हणजे रॅम) असेल तर एकच काडी ठेवून बघा, व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स) असेल तर मॉनिटरची वायर कुठे लावलीय ते.

चौथ्या मिनिटाला कंपनीचं चिन्ह उमटलं. डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो. प्रोसेसरचं नाव बरोबर, रॅम ३२ जीबी, पण वेग ४८००. काडीच्या खोक्यावर ६००० छापलेलं. रॅम छापलेल्या वेगाने आपोआप चालत नाही, ते सांगावं लागतं. इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, एएमडीच्या एएम५ वर एक्सपो या नावाची एक ओळ असते, ती चालू करायची. आम्ही केली, एफ१० दाबून सेव्ह केलं. स्क्रीन पुन्हा काळी झाली, पुन्हा जुळवणी. या वेळी आम्ही दोघांनी हात मागे बांधले होते.